कॉफीच्या आयटमचा उरलेला भाग

संपादक ताईंचा मेसेज आला, "सुमेध, दिवाळी अंकासाठी तुझा तो कॉफीवाला आयटम लिहून दे ना. अजून आठवला की लोक हसतात."

लोक अजून हसतात हे वाचून माझं टाळकंच फिरलं. ताईंचा दोष नाही. रॉटरडॅमजवळच्या कापेलच्या शाळेच्या हॉलमध्ये, मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात, माइक हातात घेऊन मीच तो आयटम केला होता. सात मिनिटांचा. टाळ्या, शिट्ट्या, मागच्या रांगेतून वन्स मोअर. तुमच्यापैकी निम्मे लोक तिथे होते. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी तो सांगतो. ज्यांनी पाहिला त्यांनी पान उलटू नये, कारण तुम्हाला मी अर्धाच दाखवला होता.

मी मनमाडचा. आजोबा रेल्वेत गँगमन, वडील रेल्वेत क्लार्क, आणि मी रेल्वेच्या अनाउन्समेंट हुबेहूब काढणारा. नववीत असताना ऑफिसातल्या माइकवरून हेडमास्तरांच्या आवाजात मी अख्ख्या शाळेला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. हातावरचे वळ आठवडाभर टिकले, अक्कल तेवढीही टिकली नाही. लग्नानंतर बायकोच्या, म्हणजे शलाकाच्या, व्हिसावर इकडे नेदरलँड्सला आलो. ती आयटीत. मी बी.ए. मराठी. बी.ए. मराठी म्हणजे काय हे डच लोकांना समजावण्यापेक्षा डच शिकणं सोपं गेलं. मग रॉटरडॅमच्या कडेला एका केअर होममध्ये, जिथे म्हातारी माणसं कायमची राहतात अशा ठिकाणी, नोकरी लागली. हुद्दा 'खास्टहेर'. म्हणजे यजमान. आपल्याकडे यजमान पाटावर बसतो आणि बाकीचे वाढतात. इथला यजमान सकाळी सातला एप्रन बांधून कॉफीची गाडी ढकलतो.

बाहेरच्यांना वाटतं, कॉफी वाटायची, त्यात काय एवढं. एका मजल्यावर बावीस माणसं. ज्याचा हात थरथरतो त्याचा कप अर्धा भरायचा आणि दोनदा जायचं. ज्याला गिळताना ठसका लागतो त्याच्या कपात पावडर घालून कॉफी पिठल्यासारखी दाट करायची. ज्याला दिसत नाही त्याच्या खोलीत शिरताना आधी आवाज द्यायचा, कप टेबलावर टेकवायचा आणि त्याची बोटं कपाच्या कानाला लावून द्यायची. एक आजी कपाचा कान खिडकीकडे असल्याशिवाय पीत नसत. एक जुने कप्तान पहिला कप नेहमी गार आहे म्हणून परत पाठवत. मी तोच कप दाराबाहेर नेऊन परत आणला की म्हणत, "आता कशी बरोबर." असली फसवणूक आमच्या धंद्यात चालते. माझी सवय तिथेच बिघडली. आणि कोण दिवसभरात किती प्यायलं ते टॅबलेटवर भरायचं. पुरेसं झालं तर हिरवा चौकोन, नाही तर लाल. लाल चौकोन दिसला की आमची टीम लीडर इंग्रिड हिचा चेहरापण त्याच रंगाचा व्हायचा.

सोळा नंबरच्या खोलीत डेकर आजोबा. तोंडावर मी मेनेर, म्हणजे श्रीयुत, डेकर म्हणायचो, मनात आजोबा. वय पंच्याऐंशी. आयुष्यभर ट्राम चालवलेली. नजरेच्या मधोमध काळा डाग धरलेला, त्यामुळे माणूस ओळखायचा तो आवाजावरून. डोकं मात्र वस्तऱ्यासारखं. आणि ते मॉर्मन.

मॉर्मन म्हणजे कोण? स्टेशनबाहेर सायकलवर पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळा बिल्ला लावलेली दोन अमेरिकन पोरं तुम्हाला कधीतरी भेटली असतील. एकटं कधी नाही, कायम जोडीने. वय वीस आणि बिल्ल्यावर लिहिलेलं 'एल्डर', म्हणजे वडीलधारे. मी आजोबांना विचारलं होतं, "हे कसले वडीलधारे, यांना दाढी तरी येते का?"

ते म्हणाले, "मीपण तसाच फिरलोय. दाढी येत नव्हती, सल्ले मात्र भरपूर येत होते."

ही माणसं ख्रिस्ताला मानतात, पण त्यांचा स्वतःचा आणखी एक ग्रंथ आहे. पगारी पाद्री नाही. आपल्यातलाच कोणीतरी काही वर्षं बिशप होतो आणि नोकरी सांभाळून ते काम करतो. आजोबा पाच वर्षं बिशप होते. दिवसभर ट्राम, संध्याकाळी लोकांची भांडणं, लग्नं, मयतं आणि कबुल्या. महिन्यातल्या एका रविवारी उपास, आणि तो खरा उपास. साबुदाणा नाही, वेफर्स नाहीत, पाणीसुद्धा नाही. सोमवारची संध्याकाळ घरच्यांसाठी राखीव. आणि दारू नाही, सिगारेट नाही, कॉफी नाही, चहा नाही. दारूचं समजू शकतो. चहापण नाही म्हटल्यावर मला त्यांची कीव आली होती.

आजोबांची तिसरी पिढी मॉर्मन. त्यामुळे कॉफीचा थेंबही कधी जिभेला लागलेला नाही. दहाच्या कॉफीला ते भाजलेल्या बार्लीची पावडर गरम पाण्यात घालून प्यायचे. रंग कॉफीचा, वास जळक्या भाकरीचा. पावडरचा डबा आणायचे विलम. तेही त्याच चर्चचे, झेलँड प्रांताकडचे, आवाज खरबरीत, पुढच्या दातांतून शीळ येणारी. दर गुरुवारी दारातूनच ओरडायचे, "सो, पीट, योंगन." म्हणजे, काय मग पीट, पोरा. पंच्याऐंशीच्या माणसाला पोरा.

सोमवारची राखीव संध्याकाळ आजोबा सोडायचे नाहीत. बायको वारलेली, मुलगी कॅनडात. तिचा फोन झाला की मला बसवून घ्यायचे आणि त्यांच्या ग्रंथातलं पानभर वाचायला लावायचे. माझं डच ऐकून त्यांचे पैगंबर नक्कीच दचकत असतील. मग गप्पा. पूर्वजांची नावं शोधून लिहून ठेवणं हे या लोकांचं धर्मकार्यच. आजोबांना स्वतःच्या नऊ पिढ्या पाठ. एकदा मला म्हणाले, "तुझ्या पणजोबांचं नाव काय?"

"माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही?"

"आमच्या लोकांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, मेनेर. गावाबाहेर राहणाऱ्यांची वही कोण ठेवणार?"

त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "फोन कर. कोणीतरी जिवंत असेल ज्याला आठवत असेल." मी मनमाडला वडिलांना फोन केला, वडिलांनी आत्याला. पणजोबांचं नाव निघालं धोंडू. आजोबांनी मला ते जाड मार्करने मोठ्या कागदावर लिहायला लावलं, त्याखाली माझ्या आजोबांचं, वडिलांचं आणि माझं. बाकी सगळं होम मला सॅम म्हणायचं. फक्त ते सुमेध म्हणायचे. 'ध' जमायचा नाही, पण सोडायचे नाहीत.

अशा माणसाला मी काय केलं ते आता सांगतो.

उन्हाळा संपत आला होता, पण उकाडा होता. स्वच्छतेचे नवे नियम आले, की उघडलेले खासगी डबे गाडीवर ठेवायचे नाहीत. इंग्रिडने बार्लीचा डबा कचऱ्यात टाकला. त्याच आठवड्यात विलम आले नाहीत. पुढच्या गुरुवारीही नाहीत. आजोबा म्हणाले, "विलम आणेल, मी थांबतो." पाण्याचे दोन-चार घोट घ्यायचे आणि कप सारायचे. सलग चार दिवस लाल चौकोन.

इंग्रिड म्हणाली, "त्याला मशीनची कॉफी दे, दूध-साखर जास्त घालून. त्याला दिसत नाही आणि कॉफीची चव माहीत नाही."

मी म्हटलं, "बार्ली कुठून आली असं विचारेल ना तो."

"मग विलम हो. कँटीनमध्ये त्याची नक्कल करतोसच की."

ती हसत म्हणाली. मीपण हसलो. आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता सोळा नंबरच्या दारात उभा राहून, दातांतून शीळ काढत मी म्हणालो, "सो, पीट, योंगन. घाईत आहे, बार्ली देऊन निघतो."

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी कप उचलला, घोट घेतला, थांबले. मग म्हणाले, "विलम, ही नवीन बार्ली फार चांगली आहे."

हाच तो पंच. याच वाक्याला कापेलचा हॉल कोसळला होता.

सलग अकरा दिवस मी विलम झालो. अकरा हिरवे चौकोन. इंग्रिडने मला मीटिंगमध्ये शाबासकी दिली. आता तुम्हाला एक गोष्ट सांगतो जी आयटममध्ये नव्हती. बार्लीची पावडर आमच्या कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटमध्ये मिळते. सायकलने चार मिनिटं. मी गेलो नाही. इंग्रिड गेली नाही, कारण ते ऑर्डरच्या यादीत नव्हतं. मी गेलो नाही, कारण मला मजा येत होती. चार मिनिटं.

बाराव्या दिवशी गुरुवार होता. खरे विलम आले. कुबड्या घेऊन, घामाने भिजलेले, खांद्यावरच्या पिशवीत बार्लीचा डबा. सायकलवरून पडून खुब्याचं हाड मोडलं होतं. तीन आठवडे हॉस्पिटलात होते. पीट काळजी करेल म्हणून चर्चच्या लोकांना त्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं. मी गाडी घेऊन दारातच उभा होतो.

विलम म्हणाले, "पीट, माफ कर, तीन आठवडे येता आलं नाही."

आजोबा म्हणाले, "काय बोलतोयस? काल सकाळी तर आला होतास. रोज येतोयस."

विलमनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मागे इंग्रिड उभी होती. ती पुढे झाली, आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाली, "हो का, मेनेर डेकर? विलम रोज येत होते का?"

संध्याकाळी फाइलमध्ये दोन शब्द आले. गोंधळलेले, भास. पुढच्या मंगळवारी मीटिंग लागली. विषय होता, मेनेर डेकर यांना वरच्या मजल्यावर हलवणे. वरचा मजला म्हणजे डिमेन्शियाचा. दाराला कोड. खोलीत स्वतःचं कपाट नाही, ग्रंथ हाताशी नाही, विलमला कुबड्यांवर दार उघडेपर्यंत बाहेर ताटकळणं. तिथे गेलेला माणूस खाली परत आलेला मी तरी पाहिला नव्हता.

शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन गेलो तर सोळा नंबरमधून आवाज येत होता. आजोबा एकटेच ट्रामचे थांबे म्हणत होते, एकापाठोपाठ एक. मधेच एक थांबा चुकला. थांबले. पुन्हा पहिल्यापासून. ते झाले की नऊ पिढ्यांची नावं. मग पुन्हा थांबे. माणूस स्वतःचं डोकं तपासून बघत होता. मी दार न वाजवता पुढे गेलो.

इंग्रिडला गाठलं. म्हटलं, "सांगून टाकू."

"काय सांगायचं? तो नीट पीत होता. चार्ट हिरवा आहे."

"त्याला भास झालेला नाही. मी होतो तो."

"सॅम, त्याचं वय पंच्याऐंशी आहे. आज नाही तर वर्षाने वर जाणारच आहे. तुझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरला संपतंय ना? शांत डोक्याने विचार कर."

मी शांत डोक्याने विचार केला. शांत डोकं ही काय घाणेरडी चीज आहे ते मला तेव्हा कळलं. कारण दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, तुमच्यासमोर उभा राहून मी तो आयटम केला. फाइलमध्ये ते दोन शब्द येऊन दोन दिवस झाले होते. मला माहीत होतं. मंडळाच्या यादीत नाव होतं, दुसरं काही बसवलेलं नव्हतं, आणि हे हमखास चालणार होतं. चाललं.

परत येताना मेट्रोत शलाका नुसती फोन चाळत बसली.

"काय गं, नाही आवडला?"

"छान केलास."

"मग?"

"पुढच्या वर्षी तुझ्या आजोबांचापण कर. लग्नातला."

माझे आजोबा, ते गँगमन. टोळीतले बाकीचे सगळे रोज संध्याकाळी बसायचे. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवशी दारू सोडली, ती सोडलीच. मामाच्या लग्नात कोणीतरी गंमत म्हणून त्यांच्या कोल्ड्रिंकमध्ये रम ओतली. ते दोन घोट पिऊन म्हणाले, "हे औषधासारखं काय लागतंय?" सगळा मांडव हसला. आजोबा हौदावर गेले, घशात बोटं घालून उलटी काढली आणि न जेवता चालत घरी निघाले. नऊ किलोमीटर. मी सात वर्षांचा होतो. घरी आल्यावर त्यांचं ते घोट घेतानाचं तोंड मी सगळ्यांना करून दाखवलं. त्यांच्यासमोर. ते माझ्याकडे बघत बसले.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीपण सोय नाही.

सोमवारी संध्याकाळी मुलीचा फोन झाल्यावर डेकर आजोबांनी मला बसवलं. ग्रंथ उघडायला सांगितला नाही. म्हणाले, "सुमेध, उद्या ते मला प्रश्न विचारणार. तू रोज येतोस. तू सांग, माझं काही घसरतंय का?"

मी सांगितलं. कॉफी, विलमचा आवाज, सगळं. सांगताना घाबरून मी मधे इंग्रिडचा आवाज काढला.

"आवाज काढू नकोस," ते म्हणाले. "नुसतं सांग."

नुसतं सांगणं मला येत नाही. तरी सांगितलं.

"किती दिवस?"

"अकरा."

"आणि मी चांगली आहे म्हणालो."

"हो."

ते पुन्हा म्हणाले, "मी फार चांगली आहे म्हणालो." मग दाराकडे बोट केलं. "बाहेर."

मी रडायला लागलो. ते अजून चिडले. "बिशप होतो तेव्हा माझ्या पुढच्या खोलीत बसून खूप लोक रडलेत. रडणं सगळ्यात स्वस्त. मी प्रत्येकाला एकच विचारायचो, तुझ्यामुळे ज्याचं नुकसान चाललंय ते थांबवलंस का? मला सांगून तू काय थांबवलंस? फाइल माझ्याकडे नाही."

मंगळवारच्या मीटिंगला मला आमंत्रण नव्हतं. पण कॉफी लागतेच. गाडी घेऊन आत गेलो. डॉक्टरबाई, इंग्रिड, स्पीकरवर कॅनडातली मुलगी, आणि कोपऱ्यात व्हीलचेअरवर आजोबा, पांढरा शर्ट आणि टाय घालून. मी डॉक्टरांचा कप ठेवला आणि म्हणालो, "मेनेर डेकरांना भास होत नाहीत. रोज सकाळी विलम म्हणून मी येत होतो."

इंग्रिड हसली. "हा आमचा सॅम. याच्या गमती चालू असतात."

डॉक्टरबाई थकलेल्या होत्या. त्यापण हसल्या. "आत्ता नको हं, सॅम."

जन्मभर लोकांना हसवल्याचा हिशोब असा चुकता होतो. खरं बोललो तर लोकांना आयटम वाटला.

मी म्हणालो, "मी करून दाखवतो."

शीळ जमेना. दुसऱ्यांदा जमली. "सो, पीट, योंगन. घाईत आहे, बार्ली देऊन निघतो."

कोणी हसलं नाही. आजोबांची मान आवाजाच्या दिशेने वळली. ते म्हणाले, "हाच. हाच माणूस अकरा दिवस येत होता."

स्पीकरमधून मुलगी म्हणाली, "तिथे काय चाललंय? माझ्या बाबांना तुम्ही काय पाजलंत?"

डॉक्टरबाईंनी हातातला कप खाली ठेवला. वरच्या मजल्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. फाइलमधलं लिहिलेलं पुसता येत नाही, नुसती पुढे भर घालता येते, त्यामुळे ते दोन शब्द आजही तिथे आहेत आणि त्यांच्याखाली डॉक्टरांच्या चार ओळी. मला लेखी ताकीद मिळाली आणि डिसेंबरला नारळ. बरोबरच केलं त्यांनी. फक्त एकट्याला दिला. इंग्रिड आता दोन मजले सांभाळते, ऐकलंय की चौकोन सगळे हिरवे असतात. मी विमानतळाजवळ बाडहूव्हडॉर्पला विमानात जाणाऱ्या ट्रॉल्या भरतो. कॉफीच्याच. हसा.

विलमनी मला शिव्या दिल्या नाहीत, याचा मला जास्त त्रास झाला. ते आजोबांना समजावत होते, "पीट, नकळत प्यायलास, यात पाप नाही."

आजोबा भडकले. "मला शिकवू नकोस. रविवारच्या वर्गात हे मीच शिकवलंय. पाप नाही, माहीत आहे. पण ती माझी गोष्ट होती. पंच्याऐंशी वर्षांची. कोणी मागितली नव्हती, मीच ठेवली होती. आणि याने ती उचलून दूध-साखर घातली."

त्यानंतर ते होममधल्या कोणाच्याही हातून काही पीत नसत. विलम आणत त्या सीलबंद बाटल्या, त्यापण त्यांच्या कानाशी झाकण फोडून. टोपणाचा तो कट्ट आवाज आल्याशिवाय घोट नाही. शेवटी डॉक्टरबाईंनी त्यांनाच विचारलं, काय केलं तर प्याल. त्यांनी नियम सांगितला आणि तो दारावर चिकटवला गेला. कप देणाऱ्याने आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग कपात काय आहे ते सांगायचं. मग आजोबा ठरवणार. हळूहळू बाकीच्यांच्या हातचं प्यायला लागले. मी रोज दहाला दारात उभा राहून म्हणायचो, "सुमेध. बार्ली." डबा मी आणायला लागलो होतो, चार मिनिटांवरून. ते म्हणायचे, "ठेव." मी गेल्यावर कप तसाच. ऑक्टोबर, नोव्हेंबर, रोज तसाच. दुसऱ्या कोणीतरी गरम करून, नाव सांगून दिला की प्यायचे.

म्हणून ताई, तो आयटम मी लिहून देणार नाही. हे देतोय. आणि ज्यांना वन्स मोअर हवा आहे त्यांनी मला मेळाव्यात गाठून "अरे, एकदा तो म्हातारा कर ना" म्हणू नये. मी चिडतो. मागच्या महिन्यात एकाने म्हटलं, तर मी त्याला त्याच्याच आवाजात उत्तर दिलं. तोही हसला नाही.

माझा शेवटचा दिवस रविवार होता. मीटिंगनंतर विलम रविवारीही आजोबांच्या खोलीत त्यांचा विधी करायला येऊ लागले होते. वाईन नाही, साधं नळाचं पाणी बोटाएवढ्या कपात आणि सुपरमार्केटच्या ब्रेडचे तुकडे. प्रार्थना एका कार्डावरून वाचायची आणि ती अक्षरशः तशीच. एक शब्द जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी चर्चमधून बरोबर येणाऱ्या जोडीदाराच्या मुलाला ताप होता, म्हणून विलम एकटेच. मी बाजूच्या टेबलावरचे कप गोळा करत होतो. ब्रेड झाला. पाण्याच्या प्रार्थनेत विलम एक शब्द चुकले.

"पुन्हा," आजोबा खुर्चीतून म्हणाले.

विलमनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आमेन झालं. एका हातात कुबडी, दुसऱ्यात छोटा ट्रे, आणि आजोबांना तो इवलासा कप दिसेना. त्यांची बोटं हवेत चाचपडत राहिली. विलमनी माझ्याकडे बघून ट्रेकडे मान हलवली.

मी कुजबुजलो, "मी? मी तुमच्यातला नाही."

"पाणी आहे, पोरा. हातोहात द्यायचं असतं. दे."

मी कप उचलला. एवढा हलका, की धरलाय की नाही कळेना. आजोबांचा हात तसाच पुढे होता. मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो.

"सुमेध," मी म्हणालो. "पाणी."

हात थांबला. कॉरिडॉरमध्ये कोणाचीतरी गाडी वाजत गेली. मग त्यांनी बोटं पुढे केली, मी ती कपाला लावून दिली, आणि ते प्यायले. एकच घोट असतो. रिकामा कप माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले,

"चांगलं आहे असं मी लगेच म्हणणार नाही."